शिरोरेषा कुठे जाड झाली? आभासी यंत्राच्या पडद्याचा थोडा इतिहास

मंडळी, आजचा विषय कॉम्प्युटरच्या पडद्याचा आहे. पण विजयदुर्गात बोलायचं म्हटल्यावर साहेबाच्या कट्ट्यांना वळसा घालून पुढे जाता येत नाही. नॉर्मन लॉकियर या किल्ल्यात आला तो २२ जानेवारी १८९८च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी. १८६८ साली, म्हणजे हेलियमची रेषा पाहिली गेली त्या वर्षी, तो इंग्लंडातच होता. त्या ऑगस्टमधलं ग्रहण जान्सेननं गुंटूरहून पाहिलं. आपल्याकडे बोलताना ही दोन सालं एकमेकांत मिसळली आहेत. त्यानं विजयदुर्गाचं काही कमी होत नाही, १८९८ची मोहीम खरीच होती. मला मात्र त्या गोष्टीतली एकच बाब हवी आहे. ती पिवळी रेषा ५८७.६ नॅनोमीटरला येते. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ला. यंत्र ढोबळ असेल तर तिन्ही मिळून एकच पिवळा पट्टा दिसतो आणि बघणारा म्हणतो, सोडियम आहे, झालं. जवळजवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दाखवण्याची ही जी ताकद, तिला रेझोल्यूशन म्हणतात. पडद्याच्या बाबतीत मात्र आपण हा शब्द नुसत्या ठिपक्यांच्या संख्येला लावतो.

आता आभासी यंत्राकडे येऊ. एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर चालवायचा, ही कल्पना नवी नाही. आयबीएमच्या केंब्रिजमधल्या केंद्रात १९६०च्या दशकात ती प्रत्यक्षात आली आणि १९७२ साली व्हीएम/३७० या नावानं बाजारात गेली. तेव्हा पडद्याचा प्रश्नच नव्हता. टर्मिनलवर फक्त अक्षरं, ८० आडवी आणि २४ ओळी. प्रश्न आला तो १९९९ साली व्हीएमवेअर वर्कस्टेशन घराघरातल्या पीसीवर आलं तेव्हा. २००७ साली व्हर्च्युअलबॉक्स खुलं झालं आणि कोणीही फुकटात विंडोजमध्ये विंडोज उघडू लागलं. पाहुणा कॉम्प्युटर खिडकीत. त्याचा पडदा केवढा? आणि तो यजमानाच्या पडद्यावर बसवायचा कसा?

इथे जरा मागे जाऊ, कारण खरी गंमत इथे आहे. १९८१च्या आयबीएम पीसीला रंगीत पडद्यासाठी सीजीए कार्ड होतं. त्यात एका अक्षराला जागा ८ बाय ८ ठिपक्यांची. इंग्रजी अक्षर त्यात मावतं. देवनागरी बसवून बघा: शिरोरेषेला एक ओळ, वर मात्रा-अनुस्वाराला निदान दोन, खाली उकाराला दोन. मूळ अक्षराला उरल्या तीन! तीन ठिपक्यांच्या उंचीत 'क्ष' काढून दाखवावा कोणीतरी. हा त्रास आपला एकट्याचा नव्हता. व्हॅन सुवन्नुकुल नावाच्या थाई विद्यार्थ्याला आपला प्रबंध थाई लिपीत लिहायचा होता, म्हणून त्यानं १९८२ साली हर्क्युलिस कार्ड तयार केलं, ७२० बाय ३४८ ठिपक्यांचं. पुढे ते जगभर विकलं गेलं, आपल्याकडच्या काळ्या-हिरव्या पडद्यांवरही. आपल्याकडे आयआयटी कानपूरला सुरू झालेलं काम मोहन तांबे यांनी पुण्याच्या सी-डॅकमध्ये पुढे नेलं, आणि जिस्ट कार्ड आलं. ते कार्ड पीसीत खोचलं की डीबेससारख्या इंग्रजी प्रोग्रॅममध्येही मराठी दिसू लागे. पडद्याची बारकाई वाढली ती नुसती खेळांसाठी वाढली, असं समजू नका. लिपीची गरजही त्यामागे होती.

१९८७ साली व्हीजीए आलं, ६४० बाय ४८०. ते काचेच्या जाड मॉनिटरवर दिसायचं. त्या मॉनिटरला ठिपक्यांची बांधीव जाळी नव्हती; झोत फिरवायचा, कमी ओळी आल्या तर अंतर वाढवायचं. म्हणून सुरुवातीच्या काळात आभासी यंत्र पूर्ण पडदा करताना मॉनिटरलाच सांगायचं, बाबा, आता ६४० बाय ४८०. तो ऐकायचा. सपाट पडदे आले आणि हे संपलं. त्यांचे ठिपके मोजून बसवलेले, १९२० बाय १०८०. ते कमीजास्त होत नाहीत.

आता हिशेब करू. १०८० भागिले ४८०, सव्वादोन. जुन्या चित्रातल्या एका ठिपक्याला नव्या पडद्यावर सव्वादोन ठिपके हवेत, आणि पाव ठिपका कुठे मिळत नाही. मग दोनच वाटा. तीन ओळींना दोन-दोन द्यायचे, चौथीला तीन: म्हणजे एकाच पानावर काही शिरोरेषा बारीक, काही जाड. नाहीतर काळा-पांढरा मिसळून राखाडी करायचा. दुसरं डोळ्याला गुळगुळीत वाटतं, पण मला तेच जास्त धोक्याचं वाटतं. 'भ' आणि 'म' यांच्यात फरक काय? शिरोरेषेतली फट आणि एक छोटीशी गाठ. 'ध' आणि 'घ' तसेच. ती फट एका ठिपक्याची असते. राखाडी झाली की बुजते, आणि भोरेंचे मोरे होतात. अगदी त्या पिवळ्या रेषेसारखं.

तुम्ही म्हणाल, जुनं उघडतंय कोण? उघडावं लागतं. १९९०च्या दशकात सोसायट्यांच्या याद्या, वाचनालयांच्या नोंदी, स्मरणिका, लग्नपत्रिका असं कितीतरी मराठी डॉस आणि विंडोज ९८वर लिहिलं गेलं. त्यातलं इस्की या १९९१च्या भारतीय मानकात साठवलेलं असेल तर नशीब; कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर हे ठरलेलं आहे, युनिकोडमध्ये आणता येतं. पण बरंचसं ज्या-त्या कंपनीच्या फाँटमध्ये आहे. तिथला मजकूर बाहेर काढून चिकटवला की इंग्रजी चिन्हांची खिचडी. रूपांतर करणारे प्रोग्रॅम आहेत, पण त्यांचं काम तपासायचं तर मूळ पान त्याच जुन्या प्रोग्रॅममध्ये, आभासी यंत्रात, उघडून डोळ्यानं ताडून बघावं लागतं. म्हणजे शेवटचा साक्षीदार तो पडदाच.

यावर उपाय आहे, आणि तो जुना आहे: चित्र ताणू नका, पाहुण्यालाच मोठा पडदा द्या. पाहुण्याच्या आत एक छोटा जोडप्रोग्रॅम बसवला की तो खिडकीचा आकार विचारून घेतो, आणि विंडोज स्वतः अक्षरं नव्यानं रेखते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्याला गेस्ट ॲडिशन्स म्हणतात. अडचण अशी, की व्हर्च्युअलबॉक्सनं विंडोज ९८साठी ते कधी दिलंच नाही, आणि डॉसला तर विचारायची सोयच नाही. त्यामुळे तिथे पूर्ण पडदा केला की मधोमध इवलंसं चित्र आणि भोवती काळोख. वैतागून माणूस स्केल्ड मोड घेतो, तिथेच सव्वादोनची भानगड सुरू होते. त्यापेक्षा बरोबर दुप्पट करावं, १२८० बाय ९६०. एका ठिपक्याचे चार, सगळे सारखे. कडेला काळी चौकट राहते, आणि ती बऱ्याच जणांना खटकते. मला नाही खटकत.

आता ६४० बाय ४८०चं तेच एक पान समोर लावतो, आधी सव्वादोन पट आणि मग दुप्पट. मागच्या रांगेतल्यांनी जरा पुढे या, कारण हा प्रोजेक्टर स्वतःही चित्र ताणतो.