टोचणीच्या रांगेत मुले शेवटी कशी गेली

महाराष्ट्रात लहान मुलांवर नवी लस आजमावून पाहण्याचा इतिहास सव्वादोनशे वर्षांचा आहे, आणि त्याची सुरुवात आजच्या रीतीच्या बरोबर उलट झाली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर देवीची लस टोचण्यात आली. हिंदुस्थानात ही लस घेतलेली ती पहिलीच व्यक्ती. बगदाद-बसऱ्याच्या वाटेने आलेली लस तिच्या दंडावर धरली, आठवड्याभरात फोड उठला, आणि त्या फोडातला द्रव घेऊन मुंबईतल्या आणखी मुलांना टोचण्यात आले. तिथून ती लस पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी पसरली. मोठ्या माणसांवर आधी पाहावे, मग मुलांकडे वळावे, असा विचार त्या काळी कोणाच्या मनात आला नाही. देवीच्या बाबतीत त्याला एक व्यावहारिक कारणही होते. बहुतेक प्रौढांना देवी येऊन गेलेल्या असत, त्यामुळे लस लागू पडते की नाही हे त्यांच्या अंगावर कळत नसे. ते कळायला लहान मूलच लागे.

शिवाय लस साठवण्याची सोय नव्हती. मूल हीच लसीची कुपी होती. एका मुलाला टोचायचे, आठव्या दिवशी त्याला पुढच्या गावी न्यायचे आणि त्याच्या दंडावरून दुसऱ्याला टोचायचे, अशी दंडावरून दंडावर चालणारी साखळी होती. स्पेनच्या राजाने १८०३ मध्ये अमेरिकेकडे लस पाठवली तेव्हा जहाजावर २२ अनाथ मुले चढवली गेली, तीही याच कामासाठी. त्या मुलांच्या वतीने हो-नाही म्हणायला कोणी नव्हते, आणि अनाथ मुले निवडण्यामागे ही सोयही असणार हे उघड आहे.

नागपूरजवळचे रामटेक तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते. १८५३ मध्ये ते राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि १८६७ मध्ये रामटेकला नगरपालिका आली. इंग्रजी अमलाबरोबर देवी टोचणारा सरकारी माणूस गावोगाव फिरू लागला. लोक त्याला देवीडॉक्टर म्हणत. उन्हाळ्यात लस टिकत नसे, म्हणून त्याची फेरी हिवाळ्यात निघे. कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकच्या गडावर आणि अंबाळा तलावाच्या काठी यात्रा भरते. माणसांची एवढी दाटी साथीला आमंत्रणच देई. १८८० च्या लसीकरण कायद्याने नगरपालिकांना आपल्या हद्दीत मुलांना टोचणे सक्तीचे करण्याचा अधिकार दिला. आयांचा राग मात्र टोचण्यापेक्षा आठव्या दिवसावर अधिक असे. आपल्या लेकराचा फोड पुन्हा फोडायचा, त्यातले पाणी परक्याच्या मुलासाठी काढून द्यायचे आणि त्यासाठी तापलेले पोर कडेवर घेऊन दुसऱ्या गावी जायचे, हे कुणाही आईला पटण्यासारखे नव्हते. या साखळीतून उपदंशासारखे रोगही एकाकडून दुसऱ्याकडे जात, हे डॉक्टरांनाही कळून चुकले होते. पुढे वासरांच्या कातडीवर लस वाढवणे सुरू झाले आणि बेळगावच्या व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटसारख्या संस्थांतून ती येऊ लागली, तेव्हा कुठे मुले या कामातून सुटली.

क्रम बदलल्याची पहिली ठळक खूण मुंबईतच दिसते. प्लेगची लस तयार झाल्यावर वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांपैकी जे पुढे आले त्यांना ती दिली. तुरुंगातल्या माणसाची राजीखुशी कितपत खरी मानायची हा प्रश्न आहेच, पण लस आधी मोठ्यांनी घेतली एवढे निश्चित.

श्वसनमार्गाच्या विषाणूंच्या बाबतीत सर्वांत महाग पडलेला धडा मात्र अमेरिकेतला आहे, आणि पुढे नागपुरात मुलांवर झालेल्या कोविड लसीच्या चाचणीपर्यंत त्याची सावली पोहोचते. रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस, म्हणजे आरएसव्ही, हा तान्ह्या बाळांच्या छातीत उतरणारा विषाणू. १९६० च्या दशकात तो फॉर्मालिनने मारून त्याची लस तयार केली गेली आणि १९६६ च्या सुमारास काही महिन्यांच्या बाळांना ती टोचली गेली. हिवाळ्यात साथ आली. एका गटात लस घेतलेल्या २० बाळांना आरएसव्हीची लागण झाली आणि त्यातल्या १६ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. दोन बाळे दगावली. ही लस न घेतलेल्या गटातल्या २१ लागण झालेल्या बाळांपैकी रुग्णालयात गेले एकच. लसीने रोखायचे ते सोडून आजार उग्र केला होता. फॉर्मालिनमुळे विषाणूवरच्या प्रथिनाचा आकार बिघडला होता. शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे विषाणूला चिकटत, पण निकामी करू शकत नसत, आणि प्रतिकारशक्तीचा सगळा रोख फुप्फुसात सूज वाढवणाऱ्या दिशेला गेला होता. हे कोडे पुरते उलगडायला पुढची काही दशके लागली. या दुर्घटनेनंतर आरएसव्हीच्या लसीचे काम कित्येक वर्षे जवळपास ठप्प होते. ज्या विषाणूशी बाळाची अजून गाठच पडलेली नाही तो मारून केलेली लस त्याला देताना दहादा विचार करावा, हा दंडक तेव्हापासून पडला.

महाराष्ट्रात मुलांवर झालेली एक मोठी चाचणी गोवराच्या लसीची होती. पुण्याच्या केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरच्या डॉक्टरांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या साथीने २००९-१० मध्ये पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत ती घेतली. लस नेहमीचीच, सिरम इन्स्टिट्यूटची, पण सुईऐवजी वाफाऱ्यासारखी नाकातोंडातून द्यायची. नेब्युलायझरचा मास्क बाळाच्या चेहऱ्यावर अर्धा मिनिट धरायचा की झाले. सुईची भीती नाही, वापरलेल्या सुयांचा कचरा नाही, टोचायला प्रशिक्षित नर्स नसली तरी चालेल. मेक्सिकोत लाखो शाळकरी मुलांना गोवराची लस अशी देऊन झाली होती. तरी पुण्यात थेट बाळांपासून सुरुवात झाली नाही. पहिल्या टप्प्यात मोठी माणसे आणि थोरली मुले घेतली गेली. नंतर नऊ महिने पूर्ण झालेली आणि वर्षाच्या आतली २००४ बाळे निवडली. निम्म्यांना वाफारा, निम्म्यांना सुई.

९१ व्या दिवशी रक्त तपासायचे होते. मध्येच ३३१ बाळांचे गोठवलेले नमुने वितळले आणि वाया गेले. एवढ्या आयांनी आपल्या बाळाला सुई टोचू देऊन दिलेले रक्त असे फुकट जावे, ही गोष्ट संशोधन अहवालात एका वाक्यात उरकलेली आढळते. उरलेल्यांत सुई घेतलेल्या ९४.६ टक्के बाळांमध्ये प्रतिपिंडे सापडली आणि वाफारा घेतलेल्या ८५.४ टक्के बाळांमध्ये. वाफारा सुरक्षित होता, पण पाच टक्क्यांहून जास्त मागे पडला तर तो सुईच्या तोडीचा मानायचा नाही, असे आधीच ठरले होते. तो नऊ टक्क्यांनी मागे पडला. २०१५ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला आणि गोवराची सुई कायम राहिली.

त्याच काळात गुजरातमधले बडोदे आणि तेव्हाच्या आंध्रातले खम्मम इथे मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस देण्याचा एक प्रकल्प २०१० मध्ये थांबवावा लागला. खम्ममकडे वसतिगृहात राहणाऱ्या आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वॉर्डनच्या सह्या आढळल्या. रामटेक तालुक्यातही देवलापारच्या बाजूला आश्रमशाळा आहेत. घरापासून दूर शिकणाऱ्या मुलांच्या वतीने सही कोणी करायची, हा तिथे पुस्तकी प्रश्न नाही. पुढे नियम कडक झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांची लेखी संमती तर हवीच, पण सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्यापुढच्या मुलाची लेखी अनुमतीही हवी. नवी औषधे आणि चाचण्यांचे नियम २०१९ मध्ये आले.

कोविडच्या लसीच्या वेळी हा सगळा क्रम विदर्भात जवळून पाहायला मिळाला, आणि त्यात माकडांचाही नंबर होता. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळा केलेला विषाणू मारून हैदराबादच्या भारत बायोटेकने कोव्हॅक्सिन तयार केली. आरएसव्हीच्या अनुभवाची भीती इथे लागू होती, कारण हीही मेलेल्या विषाणूची लस होती. म्हणून लसीत असे साहाय्यक द्रव्य घातले गेले की प्रतिकारशक्तीचा रोख सूज वाढवणाऱ्या बाजूला जाऊ नये. ते खरोखर तसे होते का, हे पाहायला २० ऱ्हीसस माकडे हवी होती. टाळेबंदीत खायला मिळेनासे झाल्याने माकडे वस्ती सोडून जंगलात शिरली होती. वैद्यकीय संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक बलराम भार्गव यांनी आपल्या पुस्तकात लिहिले आहे की महाराष्ट्राच्या वनखात्याने रान पिंजून काढले आणि अखेर नागपूरजवळ ती सापडली. (रामटेकच्या गडावर भाविकांच्या हातातला प्रसाद हिसकावणारी काळ्या तोंडाची वानरे या कामाची नव्हती. हवी होती ती लाल तोंडाची माकडे.) लस दिलेल्या माकडांना पुण्याच्या प्रयोगशाळेत मुद्दाम विषाणूची लागण करण्यात आली. त्यांची फुप्फुसे सुरक्षित राहिली.

माणसांत पहिला नंबर मोठ्यांचा. जुलै २०२० मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. ११ रुग्णालयांत ३७५ प्रौढ, आणि त्या ११ मध्ये नागपूरचे गिल्लुरकर रुग्णालय होते. दुसऱ्या टप्प्यात वयाची मर्यादा बारा वर्षांपर्यंत खाली आली. तिसऱ्यात पंचवीस हजारांहून अधिक प्रौढ होते. १६ जानेवारी २०२१ पासून देशात लसीकरण सुरू झाले, तेही आरोग्य कर्मचारी, मग साठीच्या पुढचे, पंचेचाळिशीचे आणि १ मेपासून अठराच्या पुढचे असे. त्या वेळी नागपुरात दुसरी लाट ऐन भरात होती आणि तिसरी लाट मुलांवर येणार असे जो तो बोलत होता. राज्याने बालरोगतज्ज्ञांचे कृतिदलही नेमले.

मे २०२१ मध्ये औषध महानियंत्रकांनी दोन ते अठरा वर्षांच्या मुलांवरील चाचणीला परवानगी दिली. सहा रुग्णालयांत ती झाली. नागपुरात ती मेडिट्रिना रुग्णालयात जूनमध्ये सुरू झाली. मुलांचे तीन गट होते आणि ते एकदम घेतले गेले नाहीत. आधी बारा ते अठरा, मग सहा ते बारा, सर्वांत शेवटी दोन ते सहा. वरच्या गटात काही वावगे घडले नाही असे पाहूनच खालच्या गटाचे दार उघडे. ९७६ मुले तपासली आणि ५२६ घेतली. स्वॅब आणि रक्त दोन्ही तपासून, ज्यांना कोविड झालेला नाही अशीच मुले चालणार होती. २८ दिवसांच्या अंतराने दंडात दोन सुया, मात्रा मोठ्यांचीच, अर्धा मिली, आणि मध्येमध्ये रक्त द्यायला यायचे. खोटी सुई कोणालाच नव्हती. प्रत्येकाला लसच मिळणार हे पालकांना माहीत होते, आणि त्या उन्हाळ्यात अनेकांच्या होकारामागे तेही असावे.

५२६ मुलांवरून लस आजार रोखते की नाही हे सिद्ध होऊ शकत नाही. मुलांत गंभीर कोविड इतका विरळ होता की त्यासाठी हजारो मुले लागली असती. म्हणून मुलांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांची तुलना प्रौढांच्या प्रतिपिंडांशी केली गेली. प्रौढांना ज्या पातळीवर संरक्षण मिळाले ती पातळी मुलांनी गाठली तर संरक्षणही मिळेल, असा हा तर्क. मुलांची पातळी मोठ्यांपेक्षा कमी भरली नाही. तक्रार मुख्यतः सुईच्या जागी दुखण्याची, तीही साधारण चौथ्या-पाचव्या मुलाची, मधल्या गटात तिसऱ्याची. गंभीर अपाय आढळला नाही. अर्थात दहा-वीस हजारांत एखाद्याला होणारा अपाय ५२६ मुलांत दिसतच नाही. परदेशात एमआरएनए लसींनंतर तरुण मुलांमध्ये हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचे प्रकार आढळले, ते लाखोंना लस दिल्यावर.

चाचणी शहरात झाली. खोल शीतकपाट, प्रयोगशाळा आणि नीतिमत्ता समिती असलेले रुग्णालय रामटेकला नव्हते, आणि पन्नासेक किलोमीटरवरून मजुरी बुडवून वारंवार नागपूर गाठणे मनसर-देवलापारकडच्या पालकाला कितपत परवडले असते? पुण्याच्या गोवर चाचणीने खेडी निवडली होती. कोविडच्या घाईत ते जमण्यासारखे नव्हते.

रांगेत शेवटी राहण्याची किंमतही मोजावी लागली. जून-जुलै २०२१ च्या देशव्यापी रक्तपाहणीत सहा ते नऊ वर्षांच्या ५७.२ टक्के आणि दहा ते सतरा वर्षांच्या ६१.६ टक्के मुलांमध्ये प्रतिपिंडे सापडली. लस यायच्या आधीच निम्म्याहून अधिक मुलांना लागण होऊन गेली होती. कोव्हॅक्सिनला बारा वर्षांपुढच्या मुलांसाठी मंजुरी मिळाली डिसेंबर २०२१ मध्ये, आणि ३ जानेवारी २०२२ पासून पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ती देणे सुरू झाले. तोवर ओमायक्रॉन दारात होता. १६ मार्चपासून बारा ते चौदा वर्षांसाठी कोर्बेव्हॅक्स ही दुसरी लस आली. सहा ते बारा वयासाठीही एप्रिल २०२२ मध्ये कोव्हॅक्सिनला मंजुरी मिळाली, पण सरकारी मोहीम बाराच्या खाली गेलीच नाही. दुसरीतल्या मुलावर चाचणी झाली, लस मात्र त्याच्या वाट्याला आली नाही.

आरएसव्हीची गोष्ट अजून चालू आहे. मेळघाटातल्या आदिवासी खेड्यांत महान ट्रस्ट या संस्थेने २०१६ ते २०१८ या काळात बाळांमधील या विषाणूचा मागोवा घेतला. रुग्णालयापर्यंत न पोहोचणारी बाळे अशा पाहणीशिवाय मोजलीच जात नाहीत. २०२३ मध्ये अमेरिकेत गरोदर बाईला द्यायच्या आरएसव्ही लसीला मान्यता मिळाली. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात आणि जन्मानंतरचे पहिले काही महिने बाळाला राखतात. बाळाला स्वतःला लस टोचण्याचा नवा प्रयत्नही झाला, एमआरएनए पद्धतीचा. लस घेतलेल्या बाळांमध्ये गंभीर आजार अधिक दिसल्याने तो २०२४ मध्ये थांबवण्यात आला, आणि डिसेंबरमध्ये अमेरिकी नियामकांनी बाळांवरच्या अशा इतर चाचण्याही रोखून धरल्या.