पाटणचा मठ व जाहिरातींचा बाजार

विद्या फुकट मिळते हा समज मनुष्याच्या मनांत फार सहज रुजतो. कारण विद्येचें मोल ज्याच्या हातून फिटतें तो बहुधा विद्यार्थ्याच्या दृष्टीआड असतो. गुरूच्या घरीं धान्य कोणी तरी घातलेलें असतें, पोथी कोणी तरी उतरून काढलेली असते, आणि दिव्यांतलें तेल कोणाच्या तरी घाण्यांतून आलेलें असतें. आज चाळीसगांवच्या पेठेंत हातांत मोबाइल घेऊन उभ्या असलेल्या कोणासहि विचारावें, कीं ह्या यंत्रावर तुम्हांस जें शोधून मिळतें, जें पाहावयास व वाचावयास मिळतें, त्याचे पैसे कोण भरतो? उत्तर ठरलेलें आहे: ‘भरतो कोण? फुकटच आहे कीं!’ फार झालें तर तो म्हणेल, कीं मध्यें मध्यें जाहिराती लागतात, तेवढ्या सोसल्या म्हणजे झालें. हें मत मूर्खपणाचें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तें अपुरें आहे एवढेंच आमचें म्हणणें. विद्येचा खर्च कोणीं व कोणत्या अटीवर सोसावा, हा प्रश्न जुना आहे. आणि त्याचें एक जुनें उत्तर ह्याच तालुक्यांत दगडावर कोरून ठेविलेलें आहे.

चाळीसगांवाहून दक्षिणेकडे सातमाळ्याच्या डोंगरांच्या कुशींत पाटण म्हणून स्थान आहे. आज लोक तेथें पाटणादेवीच्या दर्शनास जातात व पावसाळ्यांत डोंगर पाहावयास जातात. परंतु यादवांच्या काळीं तेथें नांदतें नगर होतें. तेथील भवानीच्या देवळांतला एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी ह्यांनीं उजेडांत आणिला व १८६५ सालीं त्याची माहिती विद्वानांपुढें ठेविली. पुढें कीलहॉर्न ह्यांनीं त्याचें शुद्ध वाचन प्रसिद्ध केलें. लेखांत शके ११२८ चा उल्लेख असून विद्वानांनीं त्याचा काळ इ. स. १२०७ ठरविला आहे. त्यांत भास्कराचार्यांची वंशावळ आहे: त्यांचे पिता महेश्वर, पुत्र लक्ष्मीधर, पौत्र चांगदेव. हा चांगदेव सिंघण यादवाच्या दरबारीं मुख्य ज्योतिषी होता. त्यानें आपल्या आजोबांचा ‘सिद्धान्तशिरोमणि’ व कुळांतील इतर ग्रंथ शिकविले जावेत म्हणून पाटण येथें मठ स्थापिला, आणि तेथील निकुंभवंशीय मांडलिक सोइदेव ह्यानें त्या मठास ग्रहणाच्या पर्वावर दान दिलें.

येथपर्यंतचा भाग संस्कृतांत आहे व तो पंडितांच्या कामाचा आहे. आमच्या कामाचा भाग तो, जेथें लेख मराठीवर येतो. वंशाची थोरवी सांगावयास संस्कृत पुरली; परंतु कोणीं काय द्यावयाचें हें सांगण्याची वेळ आली, तेव्हां बाजाराची भाषा घ्यावी लागली. पाटणच्या पेठेंत जो माल विकला जाईल त्यावर ग्राहकापासून राजास मिळणारा हिस्सा मठास दिला. ग्राहकाकडून सुपारीहि लावून दिली. घाण्यामागें तेल नेमून दिलें. मापाच्या उत्पन्नांतला अर्धा वांटा मठाकडे वळविला. प्राचीन मराठीचे जे मोजके कोरीव नमुने उपलब्ध आहेत, त्यांत ह्या ओळींची गणना होते. भाषेच्या अभ्यासकांस त्यांतील रूपें मोलाचीं वाटतात. आम्हांस त्यांतला व्यवहार मोलाचा वाटतो. त्या काळच्या उच्चांतल्या उच्च गणिताचा खर्च मीठमिरची घेणाऱ्या ग्राहकाच्या कनवटीवर बसविलेला होता, असा ह्या ओळींचा सरळ अर्थ आहे.

आणि तें गणित लहानसहान नव्हतें. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ (इ. स. १११४) चा, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं त्यांनीं ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचिला. एखाद्या वर्गास ६१ नें गुणून त्यांत १ मिळविला असतां पुन्हां वर्गच यावा, अशी संख्या कोणती, हा प्रश्न त्यांनीं ‘बीजगणितां’त सोडविला आहे. उत्तर आहे २२६१५३९८०. आणि येणाऱ्या वर्गाचें मूळ १७६६३१९०४९. हाच प्रश्न फर्मा ह्या फ्रेंच गणित्यानें १६५७ सालीं युरोपांतील गणितज्ञांस आव्हान म्हणून घातला. भास्कराचार्यांनीं तो ज्या ‘चक्रवाल’ रीतीनें सोडविला, ती म्हणजे ठराविक पायऱ्या पुनःपुन्हां फिरवून उत्तरापर्यंत नेणारी कृति होय. अशा कृतीस आज अल्गोरिदम म्हणतात. हा शब्द नवव्या शतकांत बगदादेस झालेल्या अल्-ख्वारिझ्मीच्या नांवावरून आला. हिंदु अंकांवरील त्याचा ग्रंथ बाराव्या शतकांत लॅटिनमध्यें गेला, म्हणजे इकडे भास्कराचार्य लिहीत होते त्याच शतकांत. आज कोणती जाहिरात कोणाच्या डोळ्यांपुढें धरावी हें अशाच कृतींच्या वंशजांकडून ठरविलें जातें, असें म्हटल्यास तें ओढूनताणून जुळविलेलें नातें होणार नाहीं.

आतां जाहिरातीचा वंश पाहूं. बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजीं निघालें. त्याच्या पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत बेंजामिन डे ह्यानें ‘न्यूयॉर्क सन’ हें पत्र एका सेंटास विकावयास काढलें, जेव्हां इतर पत्रांची किंमत सहा सेंट होती. खर्चाची तूट त्यानें जाहिरातींनीं भरून काढली. वाचकास बातमी स्वस्तांत विकावयाची, आणि जमलेल्या वाचकांचें लक्ष व्यापाऱ्यास विकावयाचें, हा धंदा तेव्हांपासून जोरानें चालूं लागला. ह्या धंद्यांत वाचक एकाच वेळीं गिऱ्हाईक असतो व मालहि असतो. मोबाइलच्या पडद्यावर जें चालतें तें ह्याच युक्तीचें पुढचें पाऊल आहे. २७ ऑक्टोबर १९९४ रोजीं ‘हॉटवायर्ड’ ह्या संकेतस्थळावर पट्टीसारख्या जाहिराती प्रथम झळकल्या. भारतांत सामान्य नागरिकास इंटरनेट मिळालें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं, विदेश संचार निगमाकडून. १९९८ सालीं ब्रिन व पेज ह्या दोघां विद्यार्थ्यांनीं आपल्या शोधयंत्राविषयीं निबंध लिहिला. त्यांत जाहिरातींवर जगणारें शोधयंत्र जाहिरातदाराकडे झुकल्यावांचून राहणार नाहीं, अशी भीति त्यांनींच बोलून दाखविली आहे. त्याच वर्षीं त्यांची गूगल कंपनी निघाली, आणि २००० सालीं तिनें जाहिरातींची विक्री सुरू केली. २०२३ सालीं ह्या कंपनीच्या मातृसंस्थेचें उत्पन्न ३०७ अब्ज डॉलरांवर होतें, आणि त्यांतले सुमारें २३८ अब्ज जाहिरातींचे होते. आपलीच भीति आपणच खरी करून दाखविण्याचें हें उदाहरण इतिहासांत विरळा आहे.

ह्या विक्रीची रीति लक्षांत घेण्यासारखी आहे. मनुष्यानें शोधावयाचा शब्द उमटविला, कीं क्षणार्धांत त्या जागेचा लिलाव होतो. बोली लावणारे दुकानदार, शिकवणीवर्ग, बियाण्यांचे व औषधांचे व्यापारी. कोणाची जाहिरात पुढें यावयाची हें केवळ बोलीवर ठरत नाहीं. ती दाबली जाण्याचा संभव किती, हेंहि यंत्र अजमावतें. त्यासाठीं मनुष्याचें गांव, त्यानें पूर्वीं काय शोधलें, काय पाहिलें, ह्या सर्वांची नोंद उपयोगी पडते. ‘आपण बोलतों तें फोन ऐकतो’ असें लोक म्हणतात, त्याचें मूळ येथें आहे. कान लावून ऐकण्याची त्यास गरजच नाहीं. आपण न बोलतां बोटांनीं जें सांगून ठेवितों तेवढें त्यास पुरतें.

मग पैसे भरतो कोण? व्यापारी भरतो, पण व्यापारी आपल्या पदरचे कधीं भरत नसतो. चाळीसगांवच्या दुकानदारानें चाळीसगांवच्याच गिऱ्हाइकापुढें येण्यासाठीं कॅलिफोर्नियास पैसे पाठवावे, आणि ते लुगड्याच्या किंवा पाइपांच्या किंमतींत मिळवावे, हा आजचा व्यवहार आहे. म्हणजे पाटणास जो कर ग्राहकाकडून घेतला जाई, तो आजहि ग्राहकच देत आहे. ह्यांत नवें कांहीं नाहीं. नवें आहे तें निराळें.

पहिली गोष्ट, पाटणचा कर दगडावर कोरलेला होता. कोणापासून घ्यावयाचा, कशावर घ्यावयाचा, कोणास द्यावयाचा, हें देवळांत येणाऱ्याच्या नजरेसमोर होतें, आणि तेंहि त्यास समजेल अशा भाषेंत होतें. आजच्या कराची पाटी कोठेंच लागलेली नाहीं. अटी लांबच लांब असतात, आणि त्या न वाचतां ‘मान्य’ म्हणावयाचें असतें. दुसरी गोष्ट, पाटणच्या तेलानें दिवा लागे, परंतु तेल्याच्या मर्जीनें गणित बदलत नसे. मठांत काय शिकवावयाचें हें आधीं ठरलें. पैसा मागून आला. जाहिरातीच्या धंद्यांत जो मजकूर डोळे खिळवील तो वर येतो, आणि जो खिळविणार नाहीं तो खरा असूनहि तळाशीं राहतो. तिसरी गोष्ट, पाटणचा कर पाटणासच राही. आमच्या सरकारानें २०१६ सालीं परदेशी कंपन्यांस दिल्या जाणाऱ्या अशा जाहिरातींच्या पैशांवर शेंकडा ६ प्रमाणें कर बसविला होता. १ एप्रिल २०२५ पासून तो उठविण्यांत आला. सोइदेव सोडूं शकला असता तो हिस्सा त्यानें मठाकडे वळविला. आम्ही आमचा हिस्सा नुसता सोडून दिला. व्यापाराच्या वाटाघाटींत अशीं कारणें असतात हें आम्ही जाणतों. परंतु नऊ वर्षांत त्या उत्पन्नांतून एखादा मठ उभारावा असा विचार कोठें ऐकूं आला नाहीं, ह्याची खंत वाटते.

तथापि जुन्याचें स्तोत्र गाण्याचा आमचा हेतु नाहीं. पाटणच्या मठांत सर्वांस प्रवेश असेल अशी कल्पना करणें भाबडेपणाचें होईल. ज्याच्या घाण्याचें तेल तेथें जाई, त्या तेल्याचा मुलगा तेथें ‘लीलावती’ वाचीत असेल असें मानण्यास त्या काळची समाजरचना आधार देत नाहीं. त्याची संमति घेतल्याचें लेखांत नाहीं. उलट आज चाळीसगांवांतील तेल्याची, कोष्ट्याची, भिल्लाची मुलगी त्याच मोबाइलवर जगांतील उत्तम अध्यापकाचें गणित ऐकूं शकते, आणि तिला कोणी हटकीत नाहीं. हें ह्या नव्या बाजाराचें पुण्य आहे व तें लहान नाहीं. ‘फुकट आहे’ म्हणणाऱ्याच्या मतांत सत्याचा अंश आहे तो हाच. मात्र तीच मुलगी गणित ऐकतां ऐकतां दुसऱ्या कशाकडे ओढली जावी, ह्यावरच त्या बाजाराचा नफा अवलंबून आहे. दार उघडें आहे, पण दारांतच फेरीवाले बसले आहेत.

ह्या धंद्यांत काम करणाऱ्यांविषयींचीं मतेंहि अशींच टोकाचीं असतात. खानदेशांत ‘आयटीवाला’ जांवई म्हटला कीं पहिल्याच बैठकींत पसंति पडते. आणि तीच मंडळी मागें म्हणतात, कीं दिवसभर गार हवेंत बसून बटणें दाबण्यास एवढा पगार कशाला? १९८३ पासून महाराष्ट्रांत विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयें निघूं लागलीं, १९९० सालीं जळगांवास विद्यापीठ झालें, आणि शेतकऱ्यांचीं, शिक्षकांचीं मुलें पुण्यास हिंजवडीकडे चालूं लागलीं. ‘हुशार पोरें गांव सोडून गेलीं’ ही तक्रार मग ओट्याओट्यावर ऐकूं येऊं लागली. ही तक्रार करणाऱ्यांनीं पाटणचा लेख पुन्हां वाचावा. लक्ष्मीधराची विद्वत्ता पाहून जैत्रपाळ यादवानें त्यास ह्याच नगरांतून आपल्या दरबारीं नेलें, असें त्यांत स्पष्ट म्हटलें आहे. विद्येनें सत्तेच्या व संपत्तीच्या दाराशीं जावें हा आठशें वर्षांपूर्वींचाच प्रघात आहे. त्यास नांवें ठेवून उपयोग नाहीं. परंतु लक्ष्मीधराचा मुलगा राजाचा ज्योतिषी असतांहि त्यानें मठ काढला तो पाटणास. जाणाराचें काय परत येतें, हा खरा प्रश्न आहे.

मठाचें पुढें काय झालें, तें यादवांच्या राज्याचें झालें त्यावरून समजावें. चौदाव्या शतकाच्या आरंभीं तें राज्य बुडालें, आणि राजसत्तेनें लावून दिलेलीं उत्पन्नें सत्तेबरोबर जातात. परंतु ‘लीलावती’ गेली नाहीं. अकबराच्या आज्ञेवरून फैजीनें १५८७ सालीं ती फारशींत नेली. कोलब्रुकनें १८१७ सालीं इंग्रजींत नेली. मठ दानावर उभा होता, ग्रंथ नकलांवर जगला. ज्यास हवें त्यानें उतरून घ्यावें, ही मोकळीक सर्व शिलालेखांहून टिकाऊ ठरली. आजच्या काळींहि ह्या वाटेनें चालणारे आहेत. २००३ सालीं सुरू झालेला मराठी विकिपीडिया जाहिरात घेत नाहीं. लिहिणारे विनावेतन लिहितात, खर्च देणग्यांवर चालतो, आणि वाचील त्यास नक्कल करण्याची मुभा आहे. घाण्यामागें पळीभर तेल देण्याची ती आजची रीति होय; फरक एवढाच, कीं येथें देणारा आपखुशीनें देतो व त्याची मुलगी तेंच वाचूं शकते.

तेव्हां जाहिरात वाईट, कंपन्या वाईट, यंत्र वाईट, असा निवाडा देऊन आम्ही लेखणी ठेवीत नाहीं. बाजारानें विद्येस पोसावें ह्यांत गैर कांहींच नाहीं. पाटणच्या पेठेनें तें केलें. आमचें मागणें इतकेंच आहे, कीं ज्याच्याकडून घ्यावयाचें त्यास तें त्याच्या भाषेंत सांगून घ्यावें, घेतलेल्यापैकीं कांहीं तरी त्याच्या गांवाच्या विद्येस लागावें, आणि काय शिकावें हें देणाऱ्याच्या लोभानें ठरूं नये. २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा ह्या देशांत झाला आहे. त्या कायद्याप्रमाणें संमतीची विनंति साध्या व स्पष्ट भाषेंत असावी लागते, आणि ती मराठींतहि मिळण्याची तरतूद आहे. ती विनंति चाळीसगांवच्या माणसानें एकदां तरी नीट वाचून मग बोट टेकावें. आठशें वर्षांपूर्वीं त्याच्या पूर्वजाला सुपारीचा हिशेब दगडावर वाचावयास मिळत होता. तो हिशेब मागण्याचा हक्क त्यानें सोडून देण्याचें कांहींच कारण नाहीं.