वास्तुविशारद (भारत)

भारतात वास्तुविशारद (आर्किटेक्ट) ही कायद्याने संरक्षित उपाधी आहे. वास्तुविशारद अधिनियम, १९७२ अन्वये स्थापन झालेल्या वास्तुकला परिषदेच्या नोंदवहीत ज्या व्यक्तीचे नाव असते, तिलाच ही उपाधी लावता येते.

शिक्षण

वास्तुकलेची पदवी (बी. आर्क.) पाच वर्षांची, म्हणजे दहा सत्रांची असते. प्रवेशासाठी बारावीला गणित व भौतिकशास्त्र आणि 'नाटा' किंवा 'जेईई'मधील वास्तुकलेची परीक्षा आवश्यक असते. अभ्यासक्रमात संकल्पन, बांधकामशास्त्र व वास्तुकलेचा इतिहास शिकवला जातो. शिवाय व्यावसायिक कार्यालयात प्रशिक्षण घ्यावे लागते.

नोंदणी व अधिकार

पदवीनंतर वेगळी परवाना परीक्षा नसते. मान्यताप्राप्त पदवीच्या आधारे परिषदेकडे नोंदणी होते व तिचे नूतनीकरण करावे लागते. १७ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की अधिनियमातील कलम ३७ केवळ उपाधीच्या वापरावर निर्बंध घालते, संकल्पनाच्या कामावर नाही. त्यामुळे इमारतीचा आराखडा करणारी प्रत्येक व्यक्ती वास्तुविशारद असतेच असे नाही. व्यावसायिक गैरवर्तनाबद्दल परिषद केवळ नोंदणीकृत वास्तुविशारदांवरच कारवाई करू शकते.

महाराष्ट्रातील परंपरा

मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतील (स्थापना १८५७) वास्तुकला विभागाचे १९५८ मध्ये स्वतंत्र महाविद्यालय झाले. कोकणातील आचरे येथे जन्मलेले अच्युत कानविंदे (१९१६–२००२) याच संस्थेत शिकून पुढे हार्वर्ड विद्यापीठात गेले. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी हेही येथे शिकले. २०१८ मध्ये प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले.