तळटीप १७ : ‘स्विस पद्धतीचे मंत्रिमंडळ’

१७. नवी दिल्लीतील संविधान सभेत हा शब्दप्रयोग अशा मंत्रिमंडळासाठी येतो, की ज्याचे सदस्य विधिमंडळ स्वतः निवडते आणि ज्यांना मुदतीपूर्वी अविश्वासाच्या ठरावाने दूर करता येत नाही. स्वित्झर्लंडमध्ये १८४८पासून असे सात जणांचे मंडळ असून त्याचे अध्यक्षपद दर वर्षी फिरते. अमेरिकेलाही हा मार्ग अपरिचित नव्हता : पेन्सिल्व्हेनियाचा कारभार १७७६च्या राज्यघटनेनुसार १७९०पर्यंत एका कार्यकारी परिषदेकडे होता, आणि १७८७च्या फिलाडेल्फिया परिषदेत एडमंड रँडॉल्फ यांनी तिघांच्या मंडळाचा आग्रह धरला असताही, सात राज्ये विरुद्ध तीन अशा मतांनी सत्ता एकाच व्यक्तीकडे सोपवण्याचे ठरले. भारतात या विचाराच्या सर्वांत जवळ जाणारी, आणि आजही पुरेशी वाचली न जाणारी, योजना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ (१९४७) या निवेदनात आहे. तीत प्रमुखपद फिरते नसले, तरी पंतप्रधान संपूर्ण सभागृहाने व अल्पसंख्याकांचे मंत्री त्या त्या समाजाच्या प्रतिनिधींनी निवडावेत आणि मंत्रिमंडळ मुदतभर टिकावे, असे सुचवले आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना मात्र आंबेडकरांनी, स्थैर्यापेक्षा विधिमंडळापुढील रोजच्या जबाबदारीला मसुद्याने अधिक मोल दिल्याचे स्पष्ट केले. मजकुरात उल्लेखिलेली महबूब अली बेग यांची दुरुस्ती, म्हणजे मंत्र्यांची निवड एकल संक्रमणीय मताने व्हावी ही सूचना, सभेने फेटाळली.