सैगल, सिलोन आणि एक पुणेकर मंत्री

१/ रोज सकाळी साडेसात वाजता रेडिओ सिलोनवर ‘पुरानी फिल्मों का संगीत’ सुरू होई. अर्ध्या तासाच्या या कार्यक्रमाचे शेवटचे गाणे कुंदनलाल सैगल यांचे, हा रिवाज ठरलेला. सैगलांचा आवाज कानी पडला की आठ वाजत आले, हे घड्याळ न पाहता कळे. हिंदी चित्रपटगीतांचा हा नित्यपाठ मुंबईहून किंवा दिल्लीहून नव्हे, तर कोलंबोहून होत असे. असे का घडले, त्याची ही कथा. #थ्रेड

२/ १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. जन्म पुण्याचा, उच्च शिक्षण काशी विद्यापीठात आणि पॅरिसला. शास्त्रीय संगीताचे ते जाणकार होते. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर गवयांना राजाश्रय उरला नव्हता. ती जागा आता रेडिओने घ्यावी, ही त्यांची धारणा होती.

३/ ही धारणा पोकळ नव्हती. शास्त्रीय संगीताचा ‘राष्ट्रीय कार्यक्रम’ १९५२ मध्येच सुरू झाला आणि १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलने भरू लागली. मात्र या आस्थेची दुसरी बाजू कठोर होती. चित्रपटसंगीत पाश्चात्त्य चालींच्या उसनवारीने आणि उथळ शब्दांनी लोकांची अभिरुची बिघडवते, असे केसकरांचे मत होते.

४/ त्यानुसार चित्रपटगीतांचा प्रसारणातील वाटा एकूण वेळेच्या दहा टक्क्यांवर आणण्यात आला. गाणी चाळणीतून जाऊ लागली. चित्रपटाचे नाव घेणे म्हणजे फुकट जाहिरात, म्हणून केवळ गायकाचे नाव सांगायचे, असा नियम झाला. निर्माते संतापले आणि त्यांनी प्रसारणाचे हक्कच काढून घेतले. काही महिन्यांतच ऑल इंडिया रेडिओवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली.

५/ त्याच सुमारास समुद्रापलीकडे एक बलाढ्य यंत्र हाताशी होते. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या आग्नेय आशिया विभागाने आपल्या सैनिकांसाठी सिलोनमध्ये रेडिओ केंद्र काढले होते. त्याचा शंभर किलोवॅटचा लघुलहरी प्रक्षेपक युद्धानंतर सिलोन सरकारकडे आला. १९५० मध्ये रेडिओ सिलोनची व्यापारी सेवा सुरू झाली.

६/ लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो मैल दूर उतरतात. त्यामुळे कोलंबोचा आवाज भारतभर पोहोचे. मधूनच क्षीण होई, पुन्हा भरून येई. सरकारच्या हाती स्वतःची केंद्रे होती, श्रोत्याच्या संचाची खुंटी नव्हती. ती अलगद सिलोनकडे वळली.

७/ कोलंबोला भारतीय संगीताचा कैवार घ्यायचा नव्हता. त्याला जाहिराती हव्या होत्या. ऑल इंडिया रेडिओ त्या काळी जाहिराती घेत नसे. साहजिकच भारतीय बाजारात माल विकणाऱ्या कंपन्या सिलोनकडे गेल्या. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होत आणि त्यांच्या फिती विमानाने कोलंबोला जात. मुंबईची गाणी, मुंबईचे निवेदक, श्रोतेही भारतातले. केवळ प्रक्षेपक परदेशी.

८/ डिसेंबर १९५२ मध्ये ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक होते अवघ्या विशीतले अमीन सायानी. आरंभी ती स्पर्धा होती: सात गाण्यांचा योग्य क्रम लावा आणि शंभर रुपये मिळवा. सायानींच्या आठवणीनुसार पहिल्या कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली. पुढे हा आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला. मग स्पर्धा बंद करून लोकप्रियतेच्या क्रमाने गाणी लावण्याची पद्धत आली. क्रम ठरे तो तबकड्यांच्या विक्रीवर आणि श्रोता संघांच्या पसंतीवर.

९/ दिल्लीत गाणी चाळणारी समिती होती. कोलंबोत कौल श्रोत्यांचा होता. फरक गाण्यांपेक्षा याच गोष्टीत अधिक होता.

१०/ नभोवाणीने चित्रपटगीतांना पर्याय म्हणून सुगम संगीताचा पुरस्कार केला. याच काळात, १ एप्रिल १९५५ रोजी, पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. दर आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीते सादर झाली. गंमत अशी की, कवी ग. दि. माडगूळकर आणि संगीतकार सुधीर फडके हे दोघेही मराठी चित्रपटसृष्टीचेच मानकरी. दोष माध्यमाचा नव्हता, हे खुद्द नभोवाणीच्याच अमृतफळाने दाखवून दिले.

११/ अखेर सरकारने वाट बदलली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली, आणि तीही केसकर मंत्रिपदावर असतानाच. तिच्या उभारणीचे सूत्रधार होते पंडित नरेंद्र शर्मा, म्हणजे पुन्हा चित्रपटांसाठी गीते लिहिणारे कवीच. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर येथे विविध भारतीवर जाहिरातीही आल्या. सिलोनची मिरासदारी ओसरू लागली. १९८९ मध्ये गीतमालाही विविध भारतीवर आली.

१२/ तरी सिलोनकडे एक गोष्ट उरली: तबकड्यांचा संग्रह. नव्या गाण्यांची बाजारपेठ हातची जात असताना जुन्या गाण्यांची सकाळ मात्र त्याने सोडली नाही. संग्राहक आपल्या वह्यांत गाण्यांची नोंद करत, त्यातील कित्येक गाणी इतरत्र ऐकायला मिळणे दुर्मीळ असे.

१३/ केसकरांना अभिजात संगीत टिकवायचे होते, आणि त्यात त्यांना बरेच यशही आले. चुकला तो एक अंदाज: चित्रपटगीत अल्पायुषी आहे, हा. गाणे अभिजात ठरते की नाही, हे त्याच्या जन्माच्या दिवशी कोणी सांगू शकत नाही. कोणीतरी तबकडी जपावी लागते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा लावावी लागते.

१४/ सैगल १८ जानेवारी १९४७ रोजी गेले. स्वतंत्र भारत त्यांनी पाहिला नाही. त्या भारताला मात्र त्यांचा आवाज कितीतरी वर्षे रोज सकाळी आठच्या ठोक्याआधी ऐकू येत राहिला, समुद्रापलीकडून.