गांधीजींचा पंचा, बाबासाहेबांचा कोट

मंडळी, गावाला निघताना कपडे किती भरायचे, यावरून घरोघरी वाद होतो. अशाच एका वादापासून सुरुवात करू.

१९३१ साली दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी गांधीजी ‘राजपुताना’ बोटीनं लंडनला निघाले. सोबतच्या मंडळींनी ट्रंका भरभरून घेतल्या होत्या. गांधीजी रागावले, आणि जास्तीचं सामान एडनहून परत पाठवलं गेलं. पुढे बादशहाच्या भेटीलाही ते पंचा, शाल नि चपला अशाच वेशात गेले.

त्याच परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. सुटाबुटात.

आता लोक विचारतात, यात साधा कोण? मला तो प्रश्नच पटत नाही. सोडायला आधी हातात काही असावं लागतं. बॅरिस्टर गांधींचा सूट घालून झाला होता. १९२१ मध्ये मदुराईला त्यांनी पंचा निवडला. बाबासाहेबांच्या समाजावर मात्र काय घालायचं, कसं नेसायचं, याचे निर्बंध होते. म्हणून १९२७ साली महाडला त्यांनी स्त्रियांना सांगितलं, जात ओळखू येईल असं लुगडं नेसू नका. १९५६ साली आपल्या नागपुरात दीक्षेला लोक पांढरेशुभ्र कपडे घालून आले, त्याचा अर्थ इथं लागतो.

सेवाग्रामला बापूकुटीत मोजक्या वस्तू आहेत. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे जपलेत. दोन्हीकडे जाऊन या. आणि कुणाचे जोड मोजण्याआधी एवढं विचारा, की त्याला निवडायची मोकळीक कधी मिळाली?