सिमकार्डाची किंमत कोण ठरवतं?

मोबाईल घरोघरी पोहोचला तो तंत्रज्ञानामुळे, असं आपण धरून चालतो. म्यानमारचा इतिहास वेगळंच सांगतो.

लष्करी राजवटीत तिथे दूरसंचार म्हणजे सरकारची मक्तेदारी. एका सिमकार्डाला दोन-दोन हजार डॉलर मोजावे लागत. २०१० साली शंभर माणसांमागे जेमतेम एक मोबाईल होता. शेजारी भारतात तेव्हा खेडोपाडी फोन वाजत होते.

२०११ नंतर राजवट सैलावली. २०१३ मध्ये नवा दूरसंचार कायदा झाला. नॉर्वेची टेलिनॉर आणि कतारची ऊरेडू या कंपन्यांना दारं उघडली. २०१४ मध्ये सिम दीड डॉलरवर आलं! काही वर्षांतच फोन गोरगरिबांच्या हातात गेला.

पण लष्कराची पकड सुटली नव्हती. १ फेब्रुवारी २०२१ ला त्याने सत्ता बळकावली आणि पुढच्या काही आठवड्यांत मोबाईल इंटरनेट तोडलं. २०२२ मध्ये टेलिनॉर धंदा विकून निघून गेली.

आपल्याकडेही अफवांचं कारण देऊन नेट बंद होतं. असे आदेश जाहीर केलेच पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये बजावलंय. म्हणून नेट गेलं की मी आधी आदेशाची प्रत मागतो. तुम्हीही मागा.